रोगप्रतिकार जनुकांचा अहवाल : इतिहास चोख, जोखमीचा हिशेब कच्चा

लाळेच्या नमुन्यावरून जनुकचाचणी करून देणाऱ्या एका सेवेने आपल्या नेहमीच्या अहवालासोबत रोगप्रतिकार जनुकांची स्वतंत्र पुरवणी द्यायला सुरुवात केली आहे. आपल्या पूर्वजांनी कोणत्या साथींना तोंड दिले, त्यातून कोणती जनुकरूपे टिकून राहिली आणि तीच आज आपल्याला कोणत्या आजारांकडे ढकलतात, असा तिचा आवाका आहे. ती मागवावी का, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की इतिहासाच्या पानांसाठी अवश्य मागवावी, औषधांच्या तक्त्यासाठी तर नक्कीच. आजारांच्या जोखमीचे जे काटे त्यात रंगवले आहेत, त्यांवर मात्र विसंबू नये.

पूर्वार्ध उत्तम उतरला आहे. टीवायके२ या जनुकावरचे पान तर नमुनेदार म्हणावे असे आहे. या जनुकाच्या एका विशिष्ट रूपाच्या दोन्ही प्रती ज्यांच्याकडे असतात, त्यांना क्षयरोग होण्याचा धोका बराच वाढतो. पण तेच रूप मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सोरायसिस यांसारख्या, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटल्याने होणाऱ्या विकारांपासून संरक्षणही देते. युरोपातील प्राचीन सांगाड्यांमधून मिळवलेल्या डीएनएवरून असे दिसते की गेल्या सुमारे दोन हजार वर्षांत या रूपाचे तिथले प्रमाण घसरत गेले, आणि त्याचे सर्वांत पटणारे कारण क्षयरोग हेच आहे. म्हणजे ज्या काळात क्षयाने माणसे तरुणपणीच मरत होती, त्या काळात नैसर्गिक निवडीने एक बाजू घेतली आणि तिची किंमत आज वेगळ्याच आजारांच्या रूपाने मोजली जाते आहे. ही देवाणघेवाण अहवालाने अवघ्या दोन परिच्छेदांत, आलेखासह, कुठेही भडकपणा न करता मांडली आहे. फक्त एक भर घालायला हवी होती. सोरायसिसवर २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ड्युक्रॅव्हासिटिनिब हे औषध याच जनुकाने घडवलेल्या प्रथिनाला आवर घालते. निवडीचा इतिहास औषधनिर्मितीपर्यंत कसा पोहोचतो याचे इतके थेट उदाहरण हाताशी असताना ते गाळण्याचे कारण कळत नाही.

निअँडरथल या लुप्त झालेल्या मानवप्रकाराकडून आलेल्या वारशाचा भागही जबाबदारीने लिहिला आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरचा जो तुकडा निअँडरथल मानवाकडून आपल्यात आला आणि ज्यामुळे कोविड गंभीर होण्याची शक्यता वाढते, तो दक्षिण आशियातील जवळपास निम्म्या लोकांकडे आहे, युरोपात सुमारे १६ टक्क्यांकडे आहे आणि पूर्व आशियात जवळजवळ नाही. माझ्या अहवालात त्याची एक प्रत निघाली. त्यासोबतच्या टिपेत असे स्पष्ट केले आहे की वय आणि इतर व्याधींचा परिणाम या तुकड्याहून कितीतरी मोठा असतो, आणि हाच तुकडा एचआयव्हीच्या संसर्गाची शक्यता काहीशी कमी करतो असेही २०२२ साली आढळले आहे. बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा कोविडच्या बाबतीत उलट संरक्षक ठरतो, हेही लगेच पुढच्याच ओळीत येते. एकाच पूर्वजाकडून आलेला वारसा सरसकट चांगला किंवा वाईट ठरवता येत नाही, हे वाचकाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

याच्या अगदी उलट अवस्था प्लेगच्या पानाची आहे. सीसीआर५ या जनुकातील डीएनएच्या ३२ अक्षरांची गळती उत्तर युरोपात प्लेगमुळे पसरली, असे तिथे ठाम विधान केले आहे. ही गळती दोन्ही प्रतींत असेल तर एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना पेशीत शिरता येत नाही, हे १९९६ पासून पक्के माहीत आहे. पण एचआयव्ही माणसात आला तोच विसाव्या शतकाच्या सुमारास, त्यामुळे गळती पसरण्याचे श्रेय त्याला देता येत नाही, आणि प्लेग, देवी की निव्वळ योगायोग, हा वाद अजून मिटलेला नाही. लंडन आणि डेन्मार्कमधील, चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या महामारीच्या आधीच्या आणि नंतरच्या सांगाड्यांवरून ईआरएपी२ या जनुकाचे एक रूप प्लेगमधून वाचायला मदत करत होते असा जो निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्याच्या संख्याशास्त्रीय बाजूवर इतर अभ्यासकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. अहवालात या आक्षेपांचा मागमूस नाही. पैसे मोजून अहवाल घेणाऱ्याला गोष्ट रंगतदार हवी असते असे गृहीत धरले गेले असावे.

खरी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. तिथे प्रत्येक आजारासमोर हिरव्यापासून लाल रंगापर्यंत जाणारा अर्धवर्तुळाकार काटा आहे. एचएलए हा आपल्या-परक्या पेशी ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा गट; त्यातले बी२७ (एचएलए-बी२७) हे रूप असलेल्यांसाठी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा, म्हणजे कण्याचे सांधे हळूहळू आखडत जाणाऱ्या आजाराचा काटा थेट लाल पट्ट्यात नेऊन ठेवला आहे आणि खाली ‘सर्वसामान्यांच्या अनेक पट’ असे लिहिले आहे. विधान खोटे नाही. या आजाराच्या रुग्णांपैकी बहुसंख्यांमध्ये बी२७ सापडतेच. पण बी२७ असलेल्या शंभर जणांपैकी ढोबळमानाने पाच किंवा त्याहूनही कमी जणांना हा आजार होतो. रुग्णांकडून जनुकाकडे पाहिले तर नाते अतूट वाटते, जनुकाकडून रुग्णांकडे पाहिले तर बहुतेक वाहक आयुष्यभर ठणठणीत राहतात. हा दुसरा आकडा त्या पानावर नाही. कंबर दुखणाऱ्या एखाद्या तरुणाने हा लाल काटा पाहिला तर त्याची झोप उडेल, आणि ज्याला सकाळी तासभर पाठ आखडून राहते त्याने डॉक्टरकडे जायला हवे, ही उपयोगी सूचना मात्र त्याला मिळणार नाही. बी२७ असलेल्या व्यक्तींमध्ये एचआयव्हीचा संसर्ग सावकाश वाढतो, हे पूर्वार्धात सांगितलेले असूनही इथे त्याचा साधा उल्लेखही नाही. निवडीने हे रूप इतक्या लोकसमूहांत का टिकू दिले असेल, या प्रश्नाचा धागा नेमका इथेच जोडायला हवा होता.

सीलिॲक आजाराचे, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे पान याहून बरे आहे, कारण तिथे नकारार्थी उत्तराला महत्त्व दिले आहे. हा आजार असलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ यांपैकी एक रूप असते. ते असून आजार नसलेले लोक मात्र भरपूर. युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत ३० ते ४० टक्के. म्हणून दोन्ही रूपे नसतील तर सीलिॲक जवळपास वगळता येतो, आणि असतील तर त्यावरून फारसे काही ठरत नाही. हाच तर्क बी२७च्या पानावर का चालवला नाही, हे कोडेच आहे.

औषधांच्या प्रतिक्रियांचा तक्ता सर्वांत शेवटी, बारीक अक्षरांत दिला आहे. खरे तर तो पहिल्या पानावर हवा होता. एचएलए-बी*५७:०१ असलेल्यांना अबॅकॅव्हिर या एचआयव्हीवरील औषधाची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि आधी ही चाचणी करून औषध दिले की ती प्रतिक्रिया टळते, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांवरील अभ्यासाने दाखवून दिले. एचएलए-बी*१५:०२ आणि अपस्मारावरील कार्बामाझेपिन यांचा संबंध आशियाई लोकसमूहांत तितकाच गंभीर आहे; ते रूप असलेल्यांनी हे औषध घेतले तर त्वचा सोलवटून निघू शकते. रोगप्रतिकार जनुकांबद्दल आज जे काही ठाऊक आहे, त्यातले दवाखान्यात सर्वांत थेट वापरता येण्यासारखे असे हेच आहे. मात्र इथे एक तांत्रिक अडचण आहे, आणि ती सेवेने परिशिष्टात ढकलली आहे. डीएनएतील ठरावीक खुणाच तपासणाऱ्या स्वस्त चिपवर एचएलए जनुक पूर्ण वाचले जात नाही. आजूबाजूच्या खुणा पाहून संगणक त्याचा अंदाज बांधतो, आणि ज्या नमुनासंचांवरून तो हे शिकतो ते बहुतांशी युरोपीय वंशाचे असल्यामुळे इतरांच्या बाबतीत चुकण्याची शक्यता वाढते. औषध सुरू करण्याचा किंवा टाळण्याचा निर्णय या तक्त्यावरून घेऊ नये, वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी, ही सूचना तक्त्याच्या माथ्यावरच ठळक असायला हवी होती.

सेवेची व्यवहारी बाजू ठीक आहे. अहवाल वेळेत आला आणि मूळ माहितीची फाइल मागितल्यावर विनासायास मिळाली. ग्राहक कक्षाला बी२७बद्दल विचारले तेव्हा मात्र ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ एवढेच छापील उत्तर हाती पडले. संमतीपत्रातही एक मोठी उणीव आहे. एचएलए जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून असतात आणि साधारणपणे गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात, त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचा संच तंतोतंत सारखा असण्याची शक्यता चारात एक असते. अहवाल एकाचा असला तरी त्यातून भावंडांबद्दलही बरेच कळते. ते त्यांना सांगायचे का आणि कसे, याबद्दल सहीसाठी पुढे केलेल्या त्या लांबलचक मजकुरात एक ओळही नाही.