साधी माणसं: घणाच्या तालावर डोळे भरतात

भालजी पेंढारकरांचा १९६५चा हा कृष्णधवल चित्रपट मोबाइलवर पाहू नका. घणाचा ठोका नीट उमटेल असे स्पीकर लावा, कारण ‘ऐरणीच्या देवा तुला’ हे गाणं त्या ठोक्यावरच उभं आहे. खेबुडकरांचे शब्द, ‘आनंदघन’ या नावानं लतादीदींनी दिलेलं संगीत, आवाजही त्यांचाच. राबणं आणि प्रार्थना एकाच लयीत येतात, तिथं गळा दाटतो.

जयश्री गडकर दुःख नजरेतून पोचवतात, हे फार मोठं काम आहे. सूर्यकांतांचा लोहार रांगडा आणि मायाळू. खलपात्रं मात्र एकरंगी, त्यामुळे संकटाची चाहूल फार लवकर लागते. गतीही आजच्या मानानं संथ. तुकड्यांत पाहिलात तर परिणाम ओसरतो. सलग पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना सोबत बसवा.