ओल्ड बेली ऑनलाइन : खटल्यांचे कागद इतिहासाच्या तासाला

अस्सल साधनं वर्गात आणायची आहेत, पण मुलांना घेऊन दफ्तरखान्यात जाणं शक्य नाही, अशा शिक्षकांना मी सगळ्यात आधी ओल्ड बेली ऑनलाइन ही वेबसाइट सुचवते. अकरावी-बारावीच्या इतिहासाच्या वर्गात मी ती नियमित वापरते. ओल्ड बेली म्हणजे लंडनचं फौजदारी न्यायालय. तिथल्या खटल्यांचे वृत्तांत 1674 पासून 1913 पर्यंत छापले जात होते. त्यातले 1,97,745 खटले, म्हणजे जवळजवळ 12 कोटी 70 लाख शब्द, इथे शोधता येतात. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. टिम हिचकॉक, रॉबर्ट शूमेकर आणि क्लाइव्ह एम्सली या इतिहासकारांचं हे काम 2003 मध्ये लोकांपुढे यायला सुरुवात झाली आणि 2008 मध्ये 1913 पर्यंतचा मजकूर पूर्ण झाला.

मला या साइटची किंमत वाटते ती त्यातल्या माणसांमुळे. मोलकरणी, खलाशी, हमाल, दुकानदार, गहाणवट घेणारे. ज्यांचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येत नाही, ती माणसं इथे स्वतःच्या तोंडाने बोलतात. चादर कुठे वाळत घातली होती, कोणी आवाज ऐकला, आरोपीला कोणत्या गल्लीत धरलं, हे सगळं साक्षीत येतं. प्रत्येक खटल्याचा टंकलेला मजकूर आहे आणि त्याच्या जोडीला मूळ छापील पानाचं चित्रही. 1834 पर्यंतचा मजकूर दोन वेगवेगळ्या माणसांनी टंकला आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या, त्यामुळे शोध भरवशाचा होतो. मूळ पानात अठराव्या शतकातला लांब 'एस' आहे, तो 'एफ'सारखा दिसतो. मुलं आधी अडखळतात आणि मग हट्टाने टंकलेल्या मजकुराकडे न बघता वाचायला लागतात.

चोरीचे खटले वर्गासाठी सगळ्यात चांगले. त्यांत चोरलेल्या वस्तूंची यादी असते आणि प्रत्येक वस्तूपुढे तिची किंमत. 12 पेनी म्हणजे एक शिलिंग आणि 20 शिलिंग म्हणजे एक पौंड, एवढं फळ्यावर लिहून द्यायचं आणि बेरीज करायला सांगायची. मी घरातल्या चोरीचे काही खटले छापून देते, शेवटची ओळ कापून. यादीची बेरीज पुष्कळदा 40 शिलिंगांच्या बरीच वर जाते. मग कापलेली ओळ वाटायची. 'दोषी, 39 शिलिंग.' शेजारच्या बाकावर बघून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हिच्याही कागदावर एकोणचाळीसच आहे." तिथून तास मुलांच्या हातात गेला. कारकुनाची चूक? वस्तू जुनी म्हणून किंमत कमी धरली? पण सगळीकडे नेमका एकच आकडा कसा येईल? सर्चमध्ये तोच आकडा टाकल्यावर खटल्यांची रांगच लागली. मी कायदा सांगितला तो त्यांचे तर्क संपल्यावर. राहत्या घरातून 40 शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी केली तर 1713 च्या कायद्याने मृत्युदंड होता. ज्यूरीतली माणसं शपथेवर 39 म्हणत होती आणि समोरच्या माणसाचा गळा फासातून सोडवत होती. 'अठराव्या शतकात कायदे कडक होते' हे वाक्य मी पूर्वीही शिकवायचे. ते कायदे राबवताना माणसांनी काय केलं, हे त्या एका ओळीतून जितकं कळलं तितकं माझ्या व्याख्यानातून कधी कळलं नव्हतं.

लंडनमध्ये ब्रिटिश अधिकारी कर्झन वायली यांना गोळ्या घालणाऱ्या क्रांतिकारक मदनलाल धिंग्रांचा खटलाही इथे आहे, जुलै 1909 च्या सत्रात. मात्र पूर्ण नाव घालून शोधू नका, नुसतं आडनाव घाला, कारण नोंदीत नाव 'मदार लाल' असं पडलं आहे. 1 जुलैच्या संध्याकाळी इम्पिरियल इन्स्टिट्यूटमध्ये काय घडलं, ते तिथे हजर असलेल्यांच्या साक्षींतून वाचायला मिळतं. त्याहून मोलाचं म्हणजे न्यायालयात नोंदलं गेलेलं धिंग्रांचं निवेदन. कोणत्याही इंग्रज न्यायालयाला मला अटक करण्याचा किंवा देहदंड देण्याचा अधिकार नाही, असं ते सांगतात. उद्या जर्मनांनी इंग्लंड व्यापलं तर त्यांच्याशी लढणं इंग्रजाला देशभक्ती वाटेल, मग मी इंग्रजांशी लढणं त्याहून अधिक न्याय्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. वायलींना वाचवायला मध्ये पडून मारले गेलेले डॉ. कावस लालकाका यांना आपण हेतुपुरस्सर मारलं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

आपल्याकडे जास्त उद्धृत होतं ते त्यांचं दुसरं निवेदन, फाशीच्या सुमारास लंडनच्या 'डेली न्यूज'मध्ये छापून आलेलं. भारतमातेचं कार्य हे श्रीरामाचं कार्य आणि तिची सेवा ही श्रीकृष्णाची सेवा, हे शब्द त्यातले. पुष्कळ लेखांत ही दोन्ही निवेदनं एकमेकांत मिसळलेली दिसतात. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवते आणि मुलांना विचारते, हे कोणाला उद्देशून आहे? एकात समोरच्या इंग्रजाला त्याच्याच न्यायाने गाठलं आहे, दुसऱ्यात देशबांधवांशी बोलणं आहे. साधनचिकित्सा ही गोष्ट मुलांना याहून सोप्या रीतीने समजावता येईल असं मला वाटत नाही.

17 ऑगस्ट 1909 ला पेंटनव्हिल तुरुंगात धिंग्रांना फाशी झाली, पण ते खटल्याच्या पानावर सापडणार नाही. या वृत्तांतांत शिक्षा सुनावली एवढीच नोंद असते, पुढे ती अमलात आली की नाही हे नसतं. अठराव्या शतकात मृत्युदंड झालेल्या पुष्कळांना माफी मिळून समुद्रापारच्या वसाहतींत हद्दपार केलं गेलं. तेव्हा साइटवरचे मृत्युदंडाचे आकडे मोजून 'इतके लोक फासावर गेले' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तिथल्या तिथे थांबवायला हवं. शिक्षेनंतर माणसाचं काय झालं हे पाहायचं असेल तर 'डिजिटल पॅनोप्टिकॉन' ही जोड वेबसाइट उघडावी.

दुसरी गोष्ट, हे वृत्तांत सुरुवातीला विकण्यासाठी छापले जात होते. ज्या खटल्याला वाचक मिळणार त्याला पानं जास्त, साध्या चोरीला चार ओळी. वकिलांची भाषणं बहुतेक गाळलेली. 1790 ते 1792 या काळात निर्दोष सुटलेल्यांचे खटले छापायचे नाहीत असा लंडन शहराचा हुकूम होता, म्हणून त्या वर्षांत निर्दोष सुटणारे एकदम कमी झालेले दिसतात. एकोणिसाव्या शतकात लैंगिक गुन्ह्यांचा तपशील 'छापण्यायोग्य नाही' म्हणून वगळलेला आहे. आरोपीचं बोलणं इतकं तुटक का, असं मुलं हमखास विचारतात. गंभीर गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करायची मुभा 1836 पर्यंत नव्हती, आणि आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देता येऊ लागली ती सर्रास 1898 पासून. हा सगळा खुलासा साइटवरच्या पार्श्वभूमीच्या लेखांत आहे. शिक्षकाने ते आधी वाचून ठेवलेच पाहिजेत. ते न वाचता नुसते खटले वाटले तर मुलं गोष्टी वाचतील, इतिहास वाचणार नाहीत.

आकडेवारीचा विभाग मी सावधपणे वापरते, पण एक तक्ता दरवर्षी दाखवते : हद्दपारीच्या शिक्षेचा, सालवार. अमेरिकेतल्या वसाहतींत कैदी पाठवण्याचा कायदा 1718 चा. 1770 च्या दशकाच्या मध्यावर रेघ कोसळते आणि दशकभराने परत वर चढू लागते. वर्गाला प्रश्न एकच, मधल्या वर्षांत काय झालं? अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आणि 1787 मध्ये ऑस्ट्रेलियाकडे निघालेला कैद्यांचा पहिला ताफा, या आमच्या अभ्यासक्रमात लांब लांब पडलेल्या दोन गोष्टी त्या एका रेघेवर भेटतात.

अडचण भाषेची. जुनी इंग्रजी, कायद्याचे शब्द, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची दमछाक होते. मी दहा-पंधरा शब्दांचा मराठी अर्थांचा कागद सोबत देते आणि जोड्या करून वाचायला बसवते. खटले आधी स्वतः निवडून ठेवा. हिंसेचे आणि बालकांवरच्या अत्याचारांचे खटले इथे भरपूर आहेत, मुलांना मोकळं सोडून चालणार नाही. पहिल्याच तासाला धिंग्रांचा खटलाही घेऊ नका, तो लांब आहे आणि मुलं आधीच मतं ठरवून येतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला अर्ध्या पानाचा चोरीचा खटला घ्या. मूळ पानाचं चित्र आधी द्या आणि टंकलेला मजकूर मुलांनी मागितल्यावरच.