पाझरणारा मातीचा बांध: आतून थर की बाहेरून गाळणी?

कोल्हापूर परिसरातील फिरण्याच्या आणि नौकाविहाराच्या एखाद्या लहान तलावाचा मातीचा बांध १० मीटरपेक्षा ठेंगणा असला, तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा त्याला लागू होत नाही. म्हणून पायथ्याशी ओल दिसताच मालकानेच निर्णय घ्यायला हवा.

पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा थर कुटून बसवल्यास पाझर कमी होतो, परंतु त्यासाठी तलाव उतरवावा लागतो आणि उन्हाळ्यात उघडा पडलेला थर तडकला की पहिल्याच पावसात पाणी त्या भेगांतून वाट काढते.

कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू, बारीक खडी आणि दगड या क्रमाने रचलेली गाळणी पाणी अडवत नाही. ती पाण्याला चरात जाऊ देते आणि मातीचे कण मागे रोखते. कण वाहून जाऊन आत पोकळी वाढणे हेच मातीच्या बांधाच्या फुटीचे एक मोठे कारण असल्याने, माझ्या मते गाळणी आधी करावी. मात्र झिरपणारे पाणी गढूळ असेल, तर दोन्ही कामे बाजूला ठेवून पातळी तातडीने, पण बेताबेताने उतरवावी आणि खालच्या वस्तीला सावध करावे. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण रात्री फुटून माणसे वाहून गेली. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, अपुरा असेल, तर त्यावर या दोहोंपैकी एकही उपाय चालत नाही.