पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी घडवताना: टेलिकास्टर धाटणीच्या सुट्या भागांच्या संचाचे परीक्षण

इलेक्ट्रिक गिटार घरी घडवण्याच्या दोन टोकाच्या पद्धती आहेत. एका पद्धतीत कापून आणि भोके पाडून तयार असलेली बॉडी मिळते, आणि घेणाऱ्याला स्क्रू पिळण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. दुसऱ्या पद्धतीत फ्रेटच्या (मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) खाचांपासून पिकअपच्या (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाच्या) वेटोळ्यापर्यंत सर्व काही स्वतःच्या हाताने करायचे असते. प्रस्तुत संच या दोहोंच्या मध्ये बसतो. त्यात बॉडी नसते. फ्रेट बसवलेली मान, बॉडीवर तारा टेकवणारा ब्रिज, दोन पिकअप, तारा ताणणाऱ्या सहा खुंट्या, आवाजाच्या बटणांखालचे दोन पॉट, तीन टप्प्यांचा स्विच, जॅक आणि लागणारे स्क्रू एवढे भाग असतात. लाकूड आपण आणायचे आणि बॉडी आपण घडवायची. असे संच ऑनलाइन बाजारात निरनिराळ्या नावांनी साधारण सात ते नऊ हजार रुपयांना मिळतात आणि त्यांतील भाग बहुधा एकसारखेच असतात, म्हणून विक्रेत्याचे नाव न घेता भागांविषयीच लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

माझे मत आधीच सांगणे बरे. या संचाची किंमत मानेसाठी मोजावी आणि बाकीचे भाग तिच्यासोबत आले असे समजावे. पहिली गिटार सुरात वाजेल की नाही, हे लाकडाच्या जातीवर किंवा पिकअपवर छापलेल्या नावावर ठरत नाही. ते दोन-तीन मोजमापे अचूक साधण्यावर ठरते, आणि त्यांतील सर्वांत अवघड मोजमाप या मानेत आधीच साधलेले असते.

टेलिकास्टरचीच धाटणी का, याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते आणि स्वतः गिटार वाजवत नसत. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९५० मध्ये त्यांनी जी गिटार बाजारात आणली, तिचे दोन पिकअपचे रूप आधी ब्रॉडकास्टर या नावाने विकले गेले. ग्रेच कंपनीचे ड्रम जवळजवळ त्याच नावाने विकले जात असल्यामुळे १९५१ मध्ये तिचे टेलिकास्टर झाले. कारखान्यात ती झटपट तयार व्हावी आणि बिघडल्यास तेवढाच भाग बदलता यावा, असा त्यामागचा हिशेब होता. म्हणून बॉडी म्हणजे एक सपाट फळी, मान चार स्क्रूंनी बसवलेली, आणि मानेचे डोके मागे न कललेले. कारखान्याच्या सोयीसाठी केलेल्या या सर्व गोष्टी घरी काम करणाऱ्यालाही तितक्याच सोयीच्या पडतात. याउलट गिब्सन कंपनीच्या लेस पॉल धाटणीच्या गिटारीत वरचा भाग कोरून उंचवट्याचा करावा लागतो आणि मान ठरावीक अंशांत कलती ठेवून सरसाने कायमची चिकटवावी लागते. तेथे पहिल्याच प्रयत्नात हात घालू नये.

सर्व काही स्वतःच करण्याचा आग्रह धरणारे क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांचे उदाहरण हमखास देतात. त्यांनी १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घडवलेल्या गिटारीची मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची आहे आणि तिच्या व्हायब्रेटोला, म्हणजे स्वर हलवणाऱ्या दांडीला, मोटरसायकलच्या स्प्रिंगा आहेत, हे खरेच. मात्र वडील इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते होते, कामाला सुमारे दोन वर्षे लागली आणि घरी गुंडाळलेले पिकअप अखेर काढून तेथे बर्न्स कंपनीचे पिकअप बसवावे लागले, एवढा तपशील सांगताना सहसा गळून जातो.

आता मानेविषयी. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे स्वर हलला तर वादक पडदा सरकवून घेतो. गिटारीचा फ्रेट एकदा खाचेत ठोकला की तेथेच राहतो, म्हणून खाच कापण्यापूर्वीचे गणित चुकून चालत नाही. नट म्हणजे मानेच्या डोक्याजवळची खाचांची पट्टी आणि सॅडल म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू; या दोहोंमधली लांबी, म्हणजे स्केल, येथे ६४८ मिलिमीटर आहे. उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत गेले की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. त्या हिशेबाने पहिला फ्रेट नटापासून ३६.३७ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. बॉडीकडच्या टोकाला फ्रेट इतके जवळ येतात की एका मिलिमीटरची चूकही तयार कानाला खटकते. घरातल्या करवतीने एकवीस खाचा अशा अचूक कापणे नवशिक्याला जवळपास अशक्य आहे. या संचातील मानेवरील अंतरे पोलादी पट्टीने तपासली असता कोठेही दोष आढळला नाही, आणि संचाच्या बाजूने सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

खाचा अचूक असल्या तरी फ्रेटचे माथे मात्र समपातळीत नव्हते, आणि या किमतीत ते असतील अशी अपेक्षाही करू नये. तीन फ्रेटांवर टेकेल एवढी छोटी सरळ पट्टी ठेवून ती डुलते का हे पाहिले की उंच फ्रेट लगेच सापडतो. येथे मान जेथे बॉडीला मिळते त्या टोकाचे काही फ्रेट उंच होते. उपाय ठरलेला आहे. आधी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, फिरवून मान सरळ करावी, फ्रेटच्या माथ्यांवर मार्करने रेघा ओढाव्यात, सपाट पट्टीला ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून सर्व माथ्यांवरील शाई सारखी उडेपर्यंत हलक्या हाताने घासावे, आणि मग सपाट झालेल्या माथ्यांना खास कानशीने पुन्हा गोलाई द्यावी. ही कानस वाण्याच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, ती वेगळी मागवावी लागते, आणि तिचे पैसे वाचवू नयेत. सतारीच्या घोडीवर जवारी काढताना तारेची झंकार मुद्दाम आणतात; गिटारीत तशी झंकार आली तर तो दोषच मानला जातो. फ्रेटची टोके बोटाला बोचतात, तीही तिरपी घासून घ्यावीत. नट पोकळ प्लास्टिकचा आहे. तो काढून हाडाचा बसवावा, आणि त्याच्या खाचांसाठी महागड्या कानशी नको असतील तर गॅस वेल्डिंगचे नोझल साफ करण्याच्या खरबरीत तारांचा संच चांगला चालतो.

फ्रेटबोर्डवर काळसर रंग चढवलेले कुठलेसे लाकूड आहे. सह्याद्रीच्या जंगलांतील शिसवीचे फ्रेटबोर्ड जगभरच्या गिटारींना शोभत असताना आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या संचात हे लाकूड यावे, याची मौज वाटते. शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी २०१७ पासून निर्बंध आले आणि तयार वाद्यांना त्यातून नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली. दरम्यान अनेक उत्पादक दुसऱ्या लाकडांकडे वळले. वाजवण्याच्या दृष्टीने या लाकडात खोट काढता येत नाही, फक्त रंग काही दिवस बोटांना लागतो.

बॉडीचे लाकूड ही आपली जबाबदारी असल्यामुळे संचाच्या गुणदोषांत ते धरता येत नाही, तरी त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. बॉडीची जाडी ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच, सुताराच्या हिशेबात चौदा सूत. तेरा इंच रुंद आणि सोळा इंच लांब एवढा तुकडा पुरतो, म्हणजे पाव घनफुटापेक्षाही कमी लाकूड. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एवढ्या लाकडासाठी कोणी लठ्ठा कापून देत नाही, पण उरलेल्या तुकड्यांच्या ढिगात हवे ते सापडते. सागाचा मोह टाळावा. सागाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो असते, शिवणीचे ४५० ते ५०० किलो. त्यामुळे तयार सागाची बॉडी अडीच किलोच्या घरात जाते आणि तासभर उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला ते कळते. शिवण हलकी असते, वाळल्यावर फारशी हलत नाही आणि रंध्याखाली सुखाने निघते. सतारीसाठी परंपरेने वापरले जाणारे तूनही चालेल. लाकूड कोणते यापेक्षा ते किती वाळलेले आहे हे अधिक महत्त्वाचे असून, पावसाळ्यात वखारीतून आणलेली फळी घरात दोन-तीन महिने ठेवल्याशिवाय कापू नये. लाकडाच्या जातीने आवाज बदलतो की नाही हा वाद गिटारवाल्यांत कायमचा आहे. पिकअपची तारांपासूनची उंची स्क्रूने अर्धा मिलिमीटर बदलून पाहिली की या वादातील हवा बरीच कमी होते.

फळ्या जोडून, आकार कापून झाल्यावर खरी कसोटी मानेच्या खोबणीची आणि ब्रिजच्या जागेची असते. खोबण १६ मिलिमीटर खोल आणि मानेच्या टोकाला घट्ट बसणारी हवी. स्क्रू न लावता बॉडी मानेने उचलली तरी सुटू नये इतकी. हे काम ट्रिमरने, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या विजेच्या छोट्या यंत्राने, एमडीएफचा साचा बांधून आणि बेअरिंग असलेले पाते वापरून, एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल न जाता करावे. संचासोबत कागदावर छापलेला नकाशा येतो आणि येथे विक्रेत्याला दोष द्यावाच लागतो, कारण त्या नकाशावरील शंभर मिलिमीटरची खूण पट्टीवर शंभर मिलिमीटर भरत नव्हती. तो नकाशा बाजूला ठेवून हातातल्या मानेवरून आणि ब्रिजवरूनच मापे घेणे शहाणपणाचे आहे.

ब्रिजची जागा खोबण झाल्याशिवाय ठरवू नये. मान बसवावी, नटाच्या पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन दोरे ओढून ब्रिजपर्यंत न्यावेत आणि फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना सारखे अंतर उरेपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवावा. मागे-पुढे सरकवताना पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेचे सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला आणून ते नटापासून ६४८ मिलिमीटरवर ठेवावे, कारण बाकीच्या तारांना मागे जायला जागा लागते. जाड तारेचे सॅडल साधारण तीन मिलिमीटर मागे स्थिरावते. दाबलेली तार ताणली जाऊन तिचा स्वर किंचित चढतो, त्याची ही भरपाई असते. संचातील ब्रिजमध्ये तारा मागच्या कडेतूनही ओवता येतात. बॉडीतून आरपार सहा भोके एका रेषेत पाडायची तर ड्रिलला स्टँड हवा. तो नसेल तर मागच्या कडेतून ओवण्याची सोय वापरावी, त्याने आवाजात ओळखू येण्याजोगा फरक पडत नाही.

पिकअप सामान्य आहेत. मूळ टेलिकास्टरमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकदांड्या असत, येथे पोलादी दांड्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी लावलेली आहे. आवाज जरासा कडक येतो, पण सरावाला पुरेसा आहे, आणि बदलायचेच असतील तर सर्वांत शेवटी बदलावेत. पॉट आणि स्विच मात्र पहिल्याच दिवशी बदलण्याच्या लायकीचे आहेत. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २५० किलोओहमचे बरे पॉट, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जाड पत्र्याचा जॅक थोडक्या पैशांत मिळतो. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातील ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण टिपतोच. खोबणींना तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली आणि ब्रिजखाली अर्थची तार विसरली नाही, तर ती सहन होण्याइतकी उतरते. संचासोबत आलेल्या जोडणीच्या चित्रात ब्रिजखालची ही तार दाखवलेलीच नाही. फ्रेट चमकवण्यासाठी स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप बसवण्यापूर्वी वापरावे, नाहीतर त्याचा भुगा चुंबकाला जाऊन चिकटतो.

खुंट्या थोड्या सैल फिरतात, तरी सूर धरतात. तारा सोबत येतात त्या टाकून द्याव्यात. पॉलिशविषयी एवढेच सांगतो की चपडा लाखेचे पॉलिश घरात करायला सर्वांत सोपे आणि दुरुस्तीला सोयीचे असले, तरी मुंबई-कोकणच्या घामट हवेत हात टेकतो त्या जागी ते पांढुरके पडते. तेथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, बरे.

खर्चाचा हिशेब निराशाजनक आहे. संच, लाकूड, बदललेले पॉट, नट, फ्रेटची कानस आणि नव्या तारा मिळून बारा-तेरा हजार होतात. ट्रिमर व शिकंजे नव्याने घ्यावे लागले तर आणखी. एवढ्या पैशांत नवशिक्यासाठी तयार गिटार दुकानात मिळते आणि ती त्याच संध्याकाळी वाजवता येते. तेव्हा वाजवायला शिकणे हा हेतू असेल तर हा संच घेऊ नये. ज्याला आधीपासून थोडे वाजवता येते, तारांची उंची बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर का असावी हे स्वतः करून समजून घ्यायचे आहे आणि रंधा-पटाशी हातात धरण्याची सवय आहे, त्याने तो घ्यावा.

०.०१० ते ०.०४६ इंचाच्या सहा तारा मिळून मानेवर सुमारे ४५ किलोचा ताण येतो, आणि दमट महिन्यांत मान थोडी हलतेच. जुलैमध्ये एकदा आणि थंडीत एकदा ट्रस रॉड तपासून पाव फेऱ्यापेक्षा जास्त न फिरवता जुळवून घ्यावा. संचातील ॲलन चावी ट्रस रॉडच्या टोकाच्या खाचेत सैल बसते व कडा खाते, म्हणून नीट बसणारी एक वेगळी घेऊन ठेवावी.