पेठेतलं आंब्याचं दुकान, चार स्टार (पाचवा का कापला ते खाली लिहिलंय)

सीझन संपत आलाय तरी लिहिते, पुढच्या वर्षी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दुकानाचं नाव देत नाही, काकांना विचारलं तर म्हणाले नको गं बाई, आहे तेवढीच गर्दी आवरंना झालीय. सांगलीत गणपती पेठेत आतल्या बोळात आहे, दारात भाताच्या पेंढ्याचे भारे दिसले की समजायचं आलं. गाडी आत घालू नका, टेम्पो लागलेला असला की मागं पण घेता येत नाही, लांब लावून चालत जा.

आणि आधीच सांगून टाकते, मी काय निःपक्ष वगैरे नाही. 2005 ला बारावीची परीक्षा झाल्यावर एप्रिल-मे मी ह्याच दुकानात बिलं करायचं काम केलंय, काकू आईच्या भिशीतल्या, पोरगी घरी लोळत पडलीय तर पाठवा की म्हणाल्या आणि आईनं पाठवलं. त्यामुळं आतलं जरा जास्त माहितीय.

पहिला मुद्दा माल. इथं रत्नागिरी आणि देवगड हापूस वेगळा ठेवतात आणि कर्नाटकचा वेगळा, आणि विचारायच्या आधीच सांगतात हा कर्नाटक आहे म्हणून. हे सांगणारं दुकान शोधून दाखवा मला. 2018 ला कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यालाच, तरी बाजारात देवगड लिहिलेल्या खोक्यात काय काय निघतं ते सगळ्यांना माहितीय. कर्नाटकचा वाईट असतो असं नाही हं, रसाला चालतो, पण साल जाड आणि वास कमी, आणि हापूसचे पैसे देऊन तो घ्यायचा म्हणजे डोकं फिरतं. काका एक फळ कापून दाखवतात, पातळ साल, आत केशरी, मग घ्या नाहीतर नका घेऊ, तोंड वाकडं करत नाहीत.

दुसरं म्हणजे अढी. मागच्या खोलीत अजून पेंढ्यातच पिकवतात. खाली पेंढा, वर आंब्याचा थर, वर परत पेंढा, आणि दिवसाआड हात घालून बघायचं, एखादा नासका असेल तर लगेच काढायचा नाहीतर शेजारचे पण जातात. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन सोडतो, पेंढ्यात ते आणि ऊब दोन्ही कोंडून राहतं, आठ-दहा दिवसांत फळ तयार. घाईच्या वेळी थोडा माल रायपनिंग चेंबरमधनं आणतात आता, ते पण सांगतात, आणि त्यात घाबरण्यासारखं काय नाही, इथिलीन गॅसला कायद्यानं परवानगी आहे, 100 पीपीएमपर्यंत. बंदी आहे ती कार्बाइडला. बाहेरनं एकसारखा पिवळाधमक आणि नाकाशी नेला तर वासच नाही असा आंबा दिसला की सरळ पुढं चालायला लागा.

वास बघायचा तो देठापाशी. दाबायचं नाही, दाबलं की काका अजून ओरडतात. हे मला काकांनी नाही शिकवलं, त्यानं शिकवलं.

तो म्हणजे रत्नागिरीकडनं मालाबरोबर आलेला पोरगा. तेव्हा बागायतदार स्वतःचं एखादं माणूस पाठवायचे सीझनभर, हिशेबावर लक्ष ठेवायला, आणि ह्याला वडिलांनी पाठवलेलं, एफवायची परीक्षा देऊन थेट टेम्पोत बसून आंबा घाटातनं कोल्हापूर, तिथनं सांगली. माझ्यापेक्षा वर्षानं मोठा. पहिले काही दिवस मला तुम्ही म्हणत होता, मी पण तुम्ही, काकू हसून हसून बेजार. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा रद्दी पेपर फाडून ठेवायचं काम आम्हा दोघांकडं, आणि त्या पेपरमधली शब्दकोडी आम्ही सोडवायचो. अर्धं तो भरायचा, अडलं की वजनाच्या काट्याखाली ठेवून द्यायचा, मग मी भरायचे, आणि उत्तरं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असायची जो बहुतेक कुणाच्या तरी पायरी आंब्याला गुंडाळून गेलेला असायचा. काही कोडी मुद्दाम चुकीची भरलेली असायची, एकदा आडवं सात चार अक्षरी नदी असं काहीतरी होतं तिथं ह्यानं माझं नाव घुसवलेलं, एक अक्षर जास्त होतं ते चौकटीच्या बाहेर लिहिलेलं. तो कागद मी घरी नेला हे सांगायला काय लाजायचं आता.

लोडशेडिंग आठवतंय का त्या वर्षीचं? संध्याकाळी ऐन गिऱ्हाइकीत लाइट जायची. काकू मेणबत्ती लावून गल्ल्यावर आणि आम्ही मागं अढीत, पैज लावायचो, अंधारात नुसत्या वासावरनं तयार आंबा कोण आधी काढतो. मी सुरुवातीला सगळे कच्चे काढायचे. तो म्हणायचा बोटांनी नको शोधूस, नाक लाव. त्याला एवढं कळायचं की वास घेऊन म्हणायचा हा उद्या, हा परवा, आणि तसंच व्हायचं. झाडावरनं आंबा झेल्यानं, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीनं, देठासकट कसा उतरवतात, देठ तुटला तर चीक सालीवर सांडून डाग पडतो, दापोलीच्या विद्यापीठानं नूतन झेला काढलाय त्याला ब्लेड असतं, हे सगळं मला त्या अंधारात कळलं. रोमँटिक बोलणं म्हणाल तर हेच. अढीत एकाच आंब्यावर दोघांचे हात पडायचे आणि दोघंही लगेच काढायचो नाही, बस.

बाहेर म्हणून एकदाच गेलो, मे संपताना. काकूंनीच पाठवलं खरं तर, मंदिरात आंब्यांचा नैवेद्य देऊन या म्हणून, आणि तिथनं आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर. ट्रक गेला की पूल थरथरायचा आणि प्रत्येक ट्रकला तो म्हणायचा हा आंब्याचा, हा उसाचा, हा रिकामा, आवाजावरनं ओळखतो म्हणे, साफ थापा. परत येताना हात धरला होता, टिळक चौक आला तसा सोडला. पत्ता-बित्ता काय घेतलं नाही, मोबाइल दोघांकडं नव्हता, दुकानाचा लँडलाइन त्याला पाठ होता, ॲडमिशन झाली की जुलैअखेर फोन करतो म्हणाला.

जुलैअखेर काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. महापूर आला, पेठेत पाणी, दुकानात पाणी, फोन कित्येक दिवस मेलेला, आणि तो सुरू होईपर्यंत मी पुण्याला हॉस्टेलवर. त्यानं केला असेल का नसेल, काकूंना पण माहीत नाही. पुढच्या सीझनला त्याच्याऐवजी त्याचा चुलत भाऊ आला. रडले थोडी, खोटं कशाला बोलू, पण कॉलेज सुरू झालं, प्रॅक्टिकलं आली, राहिलं ते. नवऱ्याला सगळं माहितीय, मे महिन्यात मी बाजारात आंबा नाकाला लावला की तो खाकरतो मुद्दाम.

असो, दुकान. 2019 ला परत बुडालं, तेव्हा काका म्हणत होते बंद करतो, आता पोरगा बघतो आणि त्यानं फोनवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केलीय. ते मला एवढं नाही पटलं. घरपोच आलेली पेटी तयार आंब्याची घेतली तर वरचे मऊ आणि खालचे कच्चे असा प्रकार माझ्या बहिणीकडं झाला. स्वतः जा, कच्ची पेटी घ्या, घरी पेंढ्यात ठेवा, फ्रिजमध्ये अजिबात नाही, आणि खायच्या आधी थोडा वेळ पाण्यात. पाच-सहा डझनी पेटी घरगुती माणसाला बास, आठ डझनी स्वस्त पडते पण फळ बारकं. भाव लिहीत नाही, सकाळचा संध्याकाळी नसतो. अक्षय तृतीयेला जाऊ नका, मेच्या दुसऱ्या आठवड्यात जा.

आता तो कापलेला स्टार. आमच्या पेटीतले दोन आंबे साका निघाले. बाहेरनं एकदम सुंदर आणि कापला तर आत पांढरट स्पंज. हा दोष बाहेरनं कळतच नाही, वासानं पण नाही, हापूसलाच जास्त होतो, म्हणून तर कोकणात नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना आंबा काढला 1981 ला, त्यात साका नसतो. म्हणजे दुकानाची चूक नाही खरं तर, तरी पैसे हापूसचे मोजलेत तर स्टार कापणारच.

पूर्वी लाकडी खोक्यावर रंगानं नुसता मार्का असायचा, आता पुठ्ठ्याच्या बॉक्सवर बागायतदाराचं नाव, गाव, मोबाइल नंबर सगळं छापलेलं असतं आणि खाली तक्रार असल्यास संपर्क करा. ह्या बॉक्सवर पण होतं. आडनाव तेच, गाव तेच, नाव त्याचंच. काकांना विचारलं तर म्हणाले व्हय की, आता बाग तोच बघतोय, तुझी तक्रार सांगू का त्याला? मी म्हटलं तुम्हीच बदलून द्या. दोनाच्या जागी त्यांनी चार दिले, पिशवी पण दिली.