जोडीदाराच्या हाती पहिलाच कंट्रोलर: सुरुवात कोणत्या गेमने?

कधीच गेम न खेळलेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो कॅमेरा, म्हणजे पडद्यावरचं दृश्य फिरवणं. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्याने नजर फिरवायची, हे तुमच्या बोटांत मुरलंय म्हणून सोपं वाटतं. नवखा माणूस थांबतो, बघतो, मग चालतो. म्हणून गोष्ट किती छान आहे यापेक्षा उजवा अंगठा किती लागतो ते आधी पाहा.

'इट टेक्स टू' (2021) सगळेच सुचवतात. दोघांशिवाय तो सुरूच होत नाही. मेल्यावर बटण भराभर दाबलं की परत उभं राहता येतं, ही मोठीच सोय. पण कॅमेरा सतत आपणच फिरवायचा, वर दुहेरी उडी आणि हवेतली झेप. पहिल्या तासात जोडीदार पुन्हा पुन्हा खाली पडतो आणि 'मला नाही जमत' म्हणून कंट्रोलर ठेवून देतो. गेम सुंदर आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर खेळावा असा.

पहिला मान 'अनरॅव्हल टू'ला (2018). लोकरीच्या दोन बाहुल्या एकाच धाग्याने बांधलेल्या, बाजूने दिसणारं दृश्य, कॅमेरा आपोआप सरकतो. उडी जमली नाही तर नवख्याची बाहुली दुसरीत मिसळते आणि सराईत खेळाडू दोघांना पलीकडे नेतो. हरल्याची भावनाच येत नाही. अडतं ते धाग्यावर झोके घेताना: धागा लवकर सोडला जातो. झोका पुढच्या टोकाला जाईपर्यंत थांबायला सांगा.

कोड्यांचा किंवा उड्यांचा कंटाळा असेल तर 'स्टार्ड्यू व्हॅली'. वरून दिसणारं शेत, घाई नाही. तरी एक खाच आहे: गेममधला पूर्ण दिवस साधारण 14 मिनिटांत सरतो आणि दोघं खेळताना एकाने मेन्यू उघडला तरी घड्याळ थांबत नाही. वाचायला वेळ लागणारा माणूस इथे गांगरतो. पहिल्या दिवसांत त्याच्याकडे फक्त पेरणी आणि पाणी द्या. मासेमारी सगळ्यात अवघड. करायचीच तर 25 नाण्यांचा शिकाऊ गळ घ्या. दुसऱ्या खेळाडूची झोपडी शेत सुरू करतानाच निवडा, नाहीतर आधी ती बांधून घ्यावी लागते.

'ओव्हरकुक्ड 2' या स्वयंपाकाच्या गेममध्ये कॅमेरा स्थिर, बटणं मोजकी, तरीही तो नकोच. ऑर्डरींच्या घड्याळामुळे तुम्ही ओरडू लागता, आणि नवख्याला ते रागावणंच वाटतं.

शिकवताना बटणाचं नाव घेऊ नका. 'एक्स' हे एक्सबॉक्सवर डावीकडे, प्लेस्टेशनवर खाली, निन्टेन्डोवर वर असतं. 'खालचं बटण' म्हणा. कॅमेऱ्याचा वेग सेटिंगमध्ये कमी करा. आणि ज्याची स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) न हलवताही आपोआप सरकते असा जुना कंट्रोलर स्वतःकडे ठेवा, चांगला त्यांना द्या. नाहीतर चूक स्टिकची असताना ते स्वतःलाच दोष देत बसतील.