सेंट थॉमस कॅथेड्रलची मराठी वारसाफेरी : बारा मुलांची शाळा आणि तिचे चर्च

फोर्टमधल्या बहुतेक वारसाफेऱ्या इंग्रजीतून होतात आणि हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथेड्रल त्यांत दहा मिनिटांत उरकले जाते. गेल्या शनिवारी आम्ही सहकुटुंब ज्या मराठी फेरीला गेलो, तिने दीड तासातला बहुतेक वेळ या एकाच वास्तूला दिला आणि तिच्याकडे शाळांचे मूळ घर म्हणून पाहायला लावले. माणशी चारशे रुपये मला तेवढ्यासाठीच वसूल वाटले.

१६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याने चर्चचा पाया घातला, पण पुढच्याच वर्षी तो वारला आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षे तशाच उभ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मगुरू रिचर्ड कॉब याने वर्गणीची खटपट करून काम मार्गी लावले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. त्याच वर्षी त्याने चर्चच्या आश्रयाने एक धर्मादाय शाळा काढली. एक मास्तर आणि बारा गरीब मुलगे, ज्यांचे राहणे, जेवण आणि कपडे शाळेकडेच, एवढाच तिचा पसारा. हे सांगताना फेरी घेणाऱ्या ताईंनी आमच्या गटातल्या मुलांना एका बाकावर बसवले. मुले सातच भरली, तेव्हा पाच मोठ्यांना विद्यार्थी व्हावे लागले. गुडघे आवळून तिथे बसल्यावर ती शाळा किती लहान होती, हे मला आकड्यापेक्षा नीट कळले. कॉबच्या शाळेचा वारसा सांगणारी संस्था १८२५ मध्ये भायखळ्याला आणि १९२५ मध्ये देवळालीला गेली. बार्न्स स्कूल ते हेच. पुढे १८७५ मध्ये इथल्या प्रार्थनेत गाणाऱ्या मुलांसाठी गायकवृंदाची वेगळी शाळा निघाली. कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूलच्या नावातले ‘कॅथेड्रल’ हेच, हे गटातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

वास्तूची ओळखही चांगली करून दिली. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळून चर्चचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, झाले, लगेच पश्चिमेच्या बुटक्या घंटाघराच्या जागी उंच मनोरा आला आणि १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग गॉथिक वळणाने नव्याने बांधला गेला. त्यामुळे मधोमध उभे राहून एकदा मागे आणि एकदा पुढे पाहिले, की दोन काळांची बांधणी वेगळी ओळखता येते. रंगीत काचेतल्या संत थॉमसच्या हातात गवंड्याचा काटकोन तपासायचा गुण्या आहे. आमच्यातल्या एका निवृत्त मिस्त्रीकाकांनी तो ताईंच्या आधी हेरला.

तक्रारी दोन. छोट्या ध्वनिक्षेपकाचा आवाज उंच छताखाली घुमून निम्मी वाक्ये विरत होती. त्यापेक्षा ताई नुसत्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते. दुसरे म्हणजे संगमरवरी स्मारकांपाशी घाई झाली. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या स्मारकावर बनारस आणि काठियावाडातल्या बालहत्या बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे, तो वाचून होण्याआधीच आम्हाला पुढे हाकलण्यात आले. दुसरा बाजीराव पेशवा आणि इंग्रज यांच्यातल्या वसईच्या तहाच्या वेळी मुंबईचा गव्हर्नर हाच होता, तेव्हा मराठी फेरीत त्याच्यापाशी पाच मिनिटे थांबायला हवे होते. बाहेरचे कारंजे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीचे आणि राजाबाई टॉवरचा आराखडा करणाऱ्या गिल्बर्ट स्कॉट याच्या हातचे, एवढे मात्र दोन वाक्यांत सांगून झाले आणि तेवढे पुरेसे होते.

परतताना चर्चगेटला धाकटीने विचारले, “बाबा, इथलं गेट कुठे आहे?” किल्ल्याचा हा दरवाजा याच चर्चकडे जात असे आणि १८६० च्या दशकात तटासोबत पाडला गेला, हे फेरीत कोणी सांगितलेच नव्हते. ते काम मला लोकलमध्ये उभ्याने, मरीन लाइन्स येईपर्यंत करावे लागले.